झोळीवाचून जाणे

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय मी मागून घेतला. संयोजकांना तो जरा आडवाटेचा वाटला, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या एखाद्या गावातल्या चर्चची मंडळी आठ-दहा दिवसांसाठी हैती किंवा होंडुरासला जातात, तिथल्या मुलांशी खेळतात, भिंती रंगवतात, घरं बांधतात, औषधं वाटतात आणि घरी परततात. त्याचं आपल्याला काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. मला तो पडत नाही, कारण मी नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरात वाढलो. परदेशातून कुणीतरी आपल्या भल्यासाठी येतं म्हणजे काय होतं, हे माझ्या घराण्याला घेणाऱ्याच्या बाजूनं चार पिढ्या ठाऊक आहे. देणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं साहित्य ढीगभर आहे. आज थोडं या बाजूनं बघू.

आधी हे प्रकरण किती मोठं आहे ते सांगतो. रॉबर्ट वुथनाऊ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी २००५ च्या सुमारास केलेल्या पाहणीवरून असा अंदाज बांधला, की वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकी चर्चसदस्य अशा ‘मिशन ट्रिप’वर देशाबाहेर जातात. बहुतेकांचा मुक्काम दोन आठवड्यांच्या आतला. ही प्रथा फार जुनी नाही. जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजातला मुलगा १९५७ मध्ये दोन मित्रांना घेऊन धार्मिक पुस्तकं वाटायला मेक्सिकोत गेला, त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ उभं राहिलं. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केलं. त्याच सुमारास जेट विमानांचा प्रवास स्वस्त होऊ लागला. पूर्वी मिशनरी व्हायचं तर बोटीत चार-चार महिने काढावे लागत आणि आपण परत येऊच याची खात्री नसे. आता शुक्रवारी निघून पुढच्या रविवारी आपल्याच चर्चमध्ये उपासनेला बसता येतं.

सहलीचा साचा ठरलेला आहे. आधी नातेवाईक आणि मंडळींना पत्रं जातात: प्रभूने मला बोलावलं आहे, प्रार्थना करा आणि जमेल ती मदत पाठवा. मुलं गाड्या धुऊन, केक विकून पैसे जमवतात. सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट मिळतात. तिथे पोचल्यावर सकाळी बांधकाम नाहीतर रंगकाम, दुपारी मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा. आपल्या मंडळीत तिला ‘व्ही.बी.एस.’ म्हणतात, तीच ती: बाहुल्यांचा खेळ, हातवारे करून म्हणायची गाणी, रंगीत कागदांची कातरकामं. शेवटच्या संध्याकाळी सगळे रडतात. परतल्यावर रविवारी पडद्यावर फोटो दाखवून साक्ष दिली जाते, आणि त्या साक्षीत एक वाक्य हमखास असतं: आम्ही द्यायला गेलो होतो, पण आम्हालाच जास्त मिळालं.

हे वाक्य खरं आहे. अगदी शब्दशः खरं आहे, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस ‘मिच’ नावाचं चक्रीवादळ मध्य अमेरिकेवर येऊन जवळजवळ थबकलं. दिवसेंदिवस पाऊस कोसळला, डोंगर घसरले, गावंच्या गावं चिखलाखाली गेली. त्या प्रदेशात ११,००० हून अधिक माणसं दगावली, त्यांतली सर्वांत जास्त होंडुरासमध्ये. मग घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट येऊ लागले. कर्ट व्हेर बीक हे तेव्हा मिशिगनमधल्या केल्विन कॉलेजचे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. ते स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत आणि १९८८ पासून होंडुरासमध्येच राहतात. त्यांनी ही घरं मिळालेल्या कुटुंबांना गाठलं. काहींची घरं परदेशी गटांनी बांधली होती, काहींची होंडुरासमधल्याच संस्थांनी. घर बांधायला खर्च साधारण २,००० डॉलर. आणि ते बांधायला आलेल्या एकेका गटाचा प्रवासासकट खर्च सरासरी ३०,००० डॉलर.

हिशेब तुम्ही करालच. व्हेर बीक यांनी पुढचाही केला. परदेशी हातांनी बांधलेल्या घरातल्या कुटुंबाचं आयुष्य इतरांपेक्षा काही वेगळं झालं का? त्यांना तसं आढळलं नाही. आणि जे आले त्यांचं तरी बदललं का? बहुतेकांनी सांगितलं की हो, आम्ही आता जास्त प्रार्थना करतो, जास्त दान देतो. पण देणग्यांच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्यावर ती वाढ फारशी दिसली नाही. बोलण्यात लबाडी होती असं मला वाटत नाही. देवळातून, चर्चमधून बाहेर पडताना आपल्या सर्वांनाच आपण बदललो आहोत असं वाटत असतं.

यावर एक उत्तर नेहमी येतं. ते असं, की ते ३०,००० डॉलर एरवी होंडुरासला गेलेच नसते. लोक स्वतःच्या प्रवासाला देणगी देतात, अनोळखी गवंड्याच्या मजुरीला देत नाहीत. हे वास्तव आहे, मी नाकारत नाही. मात्र तसं असेल तर त्याला सेवा म्हणताना जरा थांबावं. ज्या कामासाठी होंडुरासमध्ये गवंडी रिकामे बसले आहेत ते काम करायला कधी थापी न धरलेली १७ वर्षांची मुलं विमानानं येतात, तेव्हा तो त्या मुलांचा शिक्षणखर्च असतो. तो करायला हरकत नाही. तो गरिबांच्या खात्यावर लिहायला हरकत आहे.

हेच फार पूर्वी इव्हान इलिच यांनी जास्त कठोरपणे सांगितलं होतं. व्हिएन्नात जन्मलेले हे कॅथलिक धर्मगुरू मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका गावी लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवायचं केंद्र चालवत. मेक्सिकोतल्या खेड्यांत उन्हाळाभर सेवा करू पाहणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या परिषदेत त्यांना २० एप्रिल १९६८ रोजी भाषणाला बोलावलं होतं. ज्यांनी हार घालून बोलावलं त्यांनाच त्यांनी तोंडावर सांगितलं, की तुम्ही येऊ नका. तुम्हाला त्या माणसांची भाषा येत नाही, म्हणजे तुमच्याबद्दल त्यांना काय वाटतं हेही तुम्हाला कधी कळणार नाही. पाहायला या, शिकायला या, मदतीचा आव आणून येऊ नका. इतका उर्मट प्रमुख पाहुणा आपल्या व्याख्यानमालांना कधी लाभला नाही, याचं मला कधी कधी वाईट वाटतं.

आता शास्त्राकडे येतो, पवित्र शास्त्राकडे. अशा सहलींचं समर्थन करताना लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायाचा दाखला दिला जातो. येशू आपल्या सत्तरेक शिष्यांना दोन-दोन करून गावोगाव पाठवतो. मुक्काम थोडाच, म्हणजे ही तर पहिली अल्पकालीन मिशन ट्रिप! ठीक. पण त्यांना दिलेल्या सूचना वाचा. जवळ थैली घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणा घेऊ नका. ज्या घरात जाल तिथेच राहा, घरं बदलत फिरू नका. पुढ्यात वाढतील ते खा. म्हणजे ज्याच्याकडे जाल त्याच्या ओंजळीनं पाणी प्या. जाणारा गरजू आणि घरचा माणूस यजमान, अशी ती रचना आहे. आपल्याला ती परकी नाही. आषाढात पंढरीला निघालेला वारकरी वाटेतल्या गावाला काही द्यायला थांबत नाही. गाव त्याला भाकरी देतं, आणि देणारं गाव त्या दिवशी मोठं होतं.

आजच्या सहलीत हे सगळं उलटं झालं आहे. बाटलीबंद पाणी सोबत, जेवण सोबत, जंतुनाशक सोबत आणि भेटवस्तूंनी भरलेल्या दोन-दोन बॅगा. यजमानानं पुढं केलेलं ताट पोट बिघडेल म्हणून हळूच बाजूला सारायचं. पाहुण्यानंच यजमानपद बळकावलं, तर घरच्या माणसाकडे एकच भूमिका उरते, हात पसरणाऱ्याची. एकदा ती अंगवळणी पडली की सुटता सुटत नाही. आमच्या मिशन कंपाउंडांनी ती पुरेशी पाहिली आहे.

घरं आणि भिंती यांचं एक वेळ ठीक आहे. जादा रंग लागल्यानं भिंतीचं काही बिघडत नाही. मुलांचं तसं नाही, म्हणून इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

हैतीत बहुतेक शाळा खासगी आहेत आणि फी घेतात. ज्या आईला फी परवडत नाही, दोन वेळचं पुरत नाही, तिला कुणीतरी येऊन सांगतो की तमक्या बालगृहात पोराला जेवण आणि शिक्षण मिळेल, तू अधूनमधून भेटायला ये. ती पोराला सोडून येते. ‘लुमोस’ या संस्थेनं हैतीचा अभ्यास केला, तेव्हा साडेसातशेच्या आसपास बालगृहांत सुमारे ३०,००० मुलं आढळली, आणि त्यांतल्या अंदाजे ८० टक्के मुलांचे आई किंवा वडील किंवा दोघंही हयात होते. या बालगृहांना परदेशातून, बरंचसं चर्चमधून, दरवर्षी कोट्यवधी डॉलर जातात. एखाद्या मुलाला परक्या इमारतीत ठेवण्याचा खर्च त्याच्या आईला फीचे पैसे देण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. पण पाहुण्यांना भेटायला अनाथ मुलं हवी असतात. फी भरलेली, आपल्या आईच्या पदराआड उभी असलेली मुलं बघायला आठ दिवसांची सहल कोण काढणार?

मागणी आली की पुरवठा होतो, हे बाजारातलं कुणीही सांगेल. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात तिथे ना युद्ध होतं ना साथ. वाढले ते पर्यटक आणि स्वयंसेवक. युनिसेफच्या साहाय्यानं २०११ मध्ये झालेल्या पाहणीत त्या बालगृहांतल्या चारपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एक जिवंत असल्याचं दिसलं. अंगकोर वाटची देवळं बघून झाल्यावर दुपारी अनाथालय, असा कार्यक्रम तिथे रुळला होता.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला मुख्यतः आयडाहो राज्यातल्या चर्चचे दहा अमेरिकी ३३ मुलांना बसमध्ये घालून डोमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर पोचले आणि पकडले गेले. कागदपत्रं नव्हती. मुलं अनाथ आहेत असं ते सांगत होते. चौकशीत दिसलं की बहुतेकांचे आई-वडील जिवंत होते, आणि शाळा मिळेल, चांगलं राहायला मिळेल या आश्वासनावर त्यांनीच मुलं सोपवली होती. काही आठवड्यांत बहुतेक जण सुटले. गटाच्या प्रमुख बाईंना बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल दोषी ठरवलं आणि भोगलेली कैद हीच शिक्षा मानून मे महिन्यात सोडलं. ही माणसं मुलं विकायला निघाली होती, असं मला वाटत नाही. मुलं वाचवायला आपण आलो आहोत, ही त्यांची पक्की खात्री होती. ज्याला अशी खात्री असते त्याला आई दिसत नाही.

आता त्या पाहुण्यांचा सर्वांत आवडता क्षण. बस बालगृहाच्या फाटकातून आत शिरते आणि मुलं धावत येतात, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडतात, कडेवर चढतात, हात सोडत नाहीत. फोटोत हाच क्षण असतो. केवढं निर्व्याज प्रेम! आपण मात्र आपल्या घरचं दोन-तीन वर्षांचं मूल आठवून बघा. परका माणूस आला तर ते काय करतं? आईच्या मागे दडतं, मान फिरवतं, ओळख पटायला वेळ घेतं. हेच निरोगी आहे. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालापासून बालमानसशास्त्र हे सांगत आलं आहे, की मुलाला एक-दोन ठरलेली माणसं लागतात, पुन्हा पुन्हा तीच, वर्षानुवर्षं. संस्थेत वाढणाऱ्या मुलांना ती मिळाली नाहीत, की त्यांतली बरीच मुलं कुणाच्याही गळ्यात पडायला शिकतात. रुमानियात बुखारेस्टला चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी २००० पासून १३६ बालकांचा अभ्यास केला. निम्म्या मुलांना संस्थेतून काढून पालक-कुटुंबांत ठेवलं. घर मिळालेली मुलं बुद्धी आणि भावना या दोन्ही बाबतींत सावरत गेली, आणि जितक्या लवकर घर मिळालं तितकी जास्त. ज्याला पाहुणा प्रेम समजतो ते त्या मुलाच्या उपासमारीचं लक्षण असू शकतं. दर आठवड्याला नवा गट येतो, लळा लावतो आणि शनिवारी निघून जातो. त्या शेवटच्या संध्याकाळच्या रडण्याचं पाहुण्यांना पुढे वर्षभर कौतुक असतं. मुलांसाठी सोमवारी नवा गट आलेला असतो.

जग हळूहळू जागं होत आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला, तेव्हा अनाथालयं भरण्यासाठी होणारी मुलांची ने-आण हाही गुलामगिरीचाच प्रकार मानावा अशी भूमिका पुढे आली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मुलांच्या हक्कांविषयीच्या ठरावात कुटुंबातच मूल वाढावं यावर भर दिला आणि अनाथालय-पर्यटनाचे धोके नोंदवले. चर्चमधूनही आवाज उठले. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांचं २००९ चं पुस्तक अमेरिकेतल्या असंख्य चर्चमध्ये वाचलं गेलं, आणि ते दोघेही त्याच गोटातले आहेत. त्यामुळे हा ख्रिस्ती लोकांवर बाहेरून झालेला हल्ला आहे असं कुणी समजू नये. आणि आपण सुटलो असंही समजू नये. मुलाचा वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करायचा, केक कापून तिथल्या पोरांसोबत फोटो काढायचे आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे, हे पुण्या-मुंबईत आता शिष्टाचारात जमा झालं आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं. फोटो टाकणाऱ्यांनी ते वाचलेलं नसतं, आणि बरेचदा संस्थेनंही.

मग पूर्वीचे मिशनरी बरे होते का? हा प्रश्न मला नेहमी विचारतात, बहुधा मी नगरचा म्हणून. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारनं त्यांना परत पाठवायची खटपट केली. ते राहिले, मराठी शिकले आणि १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीनं गेले. सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या. मुंबईत आणि नंतर नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. पस्तीस वर्षं! इतक्या काळात माणूस चुकतो, भांडतो, त्याला भाषा येते, त्याचे दोष गावाला कळतात आणि गावाचे त्याला. म्हणून त्यांच्यात श्रेष्ठत्वाचा दर्प नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. होता, चांगला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तो इतका जाचला की १९१७ मध्ये ते मिशनमधून बाहेर पडले. त्याआधी १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत दक्षिण भारतातले व्ही. एस. अझरिया उभे राहिले होते. तुम्ही आमच्यासाठी आपलं सर्वस्व दिलंत, हे त्यांनी मान्य केलं आणि मग म्हणाले, की आम्हाला आता मित्र द्या. म्हणजे नुसतं दीर्घकाळ राहिल्यानं यजमानाला यजमानपद परत मिळतंच असं नाही. पण आठ दिवसांत ते मिळण्याची शक्यताच नसते.

परत मिळाल्याचं उदाहरण आपल्या जवळच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. ख्रिस्ती डॉक्टर, वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत जाऊन आलेले. त्यांनी गावांना विचारलं की काय हवं. गावांनी डॉक्टर मागितला नाही, पाणी आणि अन्न मागितलं. मग पाण्यापासून सुरुवात झाली. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना, त्यांत दलित आणि निरक्षर बायकाही आल्या, गरोदरपण, बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग यांचं ज्ञान दिलं. जामखेडला परदेशी विद्यार्थी आजही येतात, काही आठवड्यांसाठी येतात. पण ते त्या आरोग्यसेविकांकडून शिकायला येतात. वर्गात शिकवणारी बाई कधी शाळेत गेलेली नसते आणि ऐकणारा वैद्यकाचा पदवीधर असतो. थोडा काळ ही अडचण नाहीच. तो काळ कुणाच्या घरी, कुणाच्या हाताखाली काढता, एवढंच मला विचारायचं आहे.

काही अल्पकालीन कामं मला मान्य आहेत. दुभंगलेल्या ओठांची शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद स्थानिक रुग्णालयानं बोलावल्यावर आठ दिवस आला आणि तिथल्या डॉक्टरला हात देऊन गेला, तर त्याला मी नमस्कार करीन. पण होंडुरासमधले लोक ज्याला ‘ब्रिगादा’ म्हणतात तो औषधवाटपाचा तळ वेगळा. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या मिळतात. दुसऱ्या महिन्यात काय, याचं उत्तर परतीच्या विमानात बसलेल्या कुणाकडेच नसतं.

आता व्हेर बीक यांचं काय झालं ते सांगून थांबतो. ज्या वर्षी मिच आलं त्याच वर्षी, १९९८ मध्ये, त्यांनी कार्लोस एर्नांदेस या होंडुरासच्या मित्रासह तेगुसिगाल्पात एक संस्था काढली. संस्था घरं बांधत नाही. खुनाचे खटले उभे राहावेत, साक्षीदारांनी न घाबरता बोलावं, कामगारांना देणं असलेली मजुरी मिळावी, सरकारी औषधखरेदीत चोरी होऊ नये, असली कामं ती करते. काम बहुतांशी होंडुरासचेच वकील आणि तपासनीस करतात. सुरक्षारक्षकांच्या मजुरीचे दावे लढवणारे त्यांचे वकील दियोनिसियो दियास गार्सिया यांना डिसेंबर २००६ मध्ये भर रस्त्यात गोळ्या घालून मारलं. संस्थेनं मग त्या खुनाचा खटला चालवण्यासाठी पाठपुरावा केला. या कामाला उन्हाळी सुट्टीत येऊन हातभार लावता येत नाही. पाहायला मात्र जाता येतं, आणि न्यायालयातल्या मागच्या बाकावर बसायला कुणाची हरकत नसते. कामकाज स्पॅनिशमध्ये चालतं.